प्रार्थनेत देव काय सांगतो ते ऐकायला कसं शिकायचं?

सलाम ताई. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी साताऱ्यात, कराडला बदली मिळतेय, घ्यावी की नाही ठरत नाही. दोन महिने प्रार्थना करताय. मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) ज्याला त्याला 'प्रभू बोलला', तुम्हाला मात्र काहीच ऐकू येत नाही. तर ऐकायचं कसं, आणि त्यातला आपल्या मनाचा आवाज कुठला हे कळायचं कसं?

मी मिरजेचा. पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू वगैरे नाही, हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. उत्तर द्यायचा अधिकार एवढाच की या बाबतीत मी एकदा चांगलाच आपटलोय.

2011 साली नोकरी सोडून भागीदारीत स्वतःचं दुकान टाकायचं माझ्या डोक्यात बसलं. तीन आठवडे उपास-प्रार्थना केली. मग एका रात्री डोळे मिटून बायबल उघडलं आणि बोट ठेवलं. बोट पडलं उत्पत्तीच्या 12 व्या अध्यायावर, जिथं देव अब्रामाला सांगतो की देश, नातेवाईक, बापाचं घर सोड आणि मी दाखवीन तिकडं जा. रविवारी चर्चमध्ये उभा राहून साक्ष दिली, म्हणजे देव बोलला असं सगळ्यांना सांगितलं. 'हालेलुया' झालं. बायको तेवढी गप्प होती.

साक्षीत एक गोष्ट मी गाळली होती. त्या रात्री बायबल मी तीनदा उघडलं होतं. पहिल्यांदा इतिहासाच्या पुस्तकातली वंशावळ निघाली. दुसऱ्यांदा लेवीय नावाचं पुस्तक, घराच्या भिंतीवर चट्टा दिसला तर याजकानं काय करायचं ते. अब्राम आला तिसऱ्या खेपेला. आता वाटतं, तिघांत लेवीयच माझ्या कामाचा होता. तिथं याजक घर 7 दिवस बंद करून ठेवतो आणि मग पुन्हा येऊन बघतो. मी 7 तासही थांबलो नाही.

वर टिळकांचा दाखला होताच! तुमच्याच साताऱ्यात ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांनी मिशनचं काम सोडून 1917 मध्ये 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, मग मी का नको? त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा. म्हणजे मध्ये 22 वर्षं गेली होती, हा हिशेब हिशेबनीस असून मी केला नाही.

दुकान दीड वर्षात बसलं. पतसंस्थेचं कर्ज 2017 पर्यंत फेडत होतो. मधली दोन वर्षं प्रार्थनाच सोडली होती, ते लिहीत बसत नाही.

आमच्या मंडळीत एक निवृत्त नर्स आहेत, सगळे त्यांना सिस्टर मावशी म्हणतात. त्यांना ही तीनदा बायबल उघडल्याची गोष्ट सांगितली तेव्हा त्या हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तू देवाला विचारत होतास, का कळवत होतास?"

मग त्यांनी एक सवय लावून दिली. रात्री जेवणं झाल्यावर 15 मिनिटं, मोबाइल दुसऱ्या खोलीत. शुभवर्तमानातला लहानसा उतारा दोनदा मोठ्यानं वाचायचा आणि गप्प बसायचं. मागायचं काही नाही. जे मनात येईल ते वहीत तारीख घालून एका ओळीत. माझी ती वही अजून आहे. पहिल्या पानावर 'लाइट बिल', 'गुडघा', 'आयर्विनला पाणी किती फूट' (आयर्विन म्हणजे सांगलीचा कृष्णेवरचा पूल; पावसाळा होता, आमच्याकडं पावसाळ्यात दुसरं काही सुचत नाही). देवाचं नाव शोधून सापडायचं नाही.

महिन्यानं मावशींनी वही मागितली. पानं उलटत एका शब्दाभोवती पेन्सिलनं गोल करत गेल्या. 'धाकटा'. नऊ वेळा. "हे काय रे?" मी म्हटलं, धाकटा भाऊ, मधेच आठवतो आणि लक्ष उडतं. घराच्या वाटणीवरून आमचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. मावशींनी वही मिटून हातात दिली. बोलल्या काहीच नाहीत.

पुढच्या रविवारी एसटीनं आष्ट्याला गेलो. गळाभेट वगैरे काही झाली नाही. "बस" म्हणाला. भावजयीनं चहा ठेवला. वाटणी आजही अडकलेलीच आहे, पण आम्ही बोलतो.

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट लहानपणापासून शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत ऐकलेली. आधी वारा, मग भूकंप, मग अग्नी, यांत कशातच देव नाही. मग शांत, मंद वाणी. ती वाणी एलीयाला म्हणते काय, याकडं मात्र माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. बायबलमध्ये 1 राजे, अध्याय 19 काढून बघा. ती त्याला प्रश्न विचारते: तू इथं काय करतोस? मी दुकानाचा पत्ता मागत बसलो होतो आणि मला धाकट्याबद्दल विचारलं जात होतं.

कान तयार व्हायला वेळ लागतो हे मिरजेच्या माणसाला खरं तर सांगावं लागू नये. इथल्या सतारमेकर गल्लीत एकदा तंबोऱ्याची जवारी काढताना (म्हणजे घोडी घासून तारेचा नाद जुळवताना) बघत उभा होतो. कारागिरानं घोडीवर कानस हलकेच फिरवली, तार छेडली. पुन्हा कानस, पुन्हा तार. मग तारेखालचा सुती दोरा केसभर सरकवला. मला आधी आणि नंतर सारखंच ऐकू आलं. शेजारी त्याचा शाळकरी पोरगा गृहपाठ करत होता, तो वहीतून मान वर न करताच म्हणाला, "आता लागलं." लहानपणापासून तेच कानावर पडतंय त्याच्या.

बायबलमधल्या लहानग्या शमुवेललासुद्धा देवाची हाक तीनदा म्हाताऱ्या याजक एलीचीच वाटली, आणि ही हाक कुणाची ते एलीनं सांगितलं. म्हणून एकट्यानं ऐकू नका. प्रेषित पौलाला बिथुनिया प्रांतात जायचं होतं, ते अडलं. मग रात्री दृष्टांतात मासेदोनियाचा माणूस दिसला, तरी प्रेषितांची कृत्ये 16:10 मध्ये पुढचा निष्कर्ष 'आम्ही' काढला असं आहे. तो एकट्या पौलाचा नाही. तुमच्या मंडळीत कमी बोलणारी, तुमच्याकडून काही नको असलेली दोन माणसं असतील, त्यांना विचारा. 'देवानं मला तुझ्याबद्दल सांगितलंय' म्हणत जे स्वतःहून येतात, त्यांना चहा पाजा आणि बायबलच्या वचनाशी ताडून बघितल्याशिवाय पाऊल टाकू नका.

घाई करणारा आवाज माझ्या बाबतीत तरी दर वेळी माझाच निघालाय. आणि उदास, कोरडं वाटत असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, हा 16 व्या शतकातल्या संत इग्नेशियस लोयोलांचा नियम मला हिशेबाच्या वहीइतका उपयोगी पडलाय, ते कॅथलिक आणि आम्ही प्रॉटेस्टंट असलो तरी.

कराडचं म्हणाल तर तीही चांगली जागा, हीही. दोन्हींत पाप नाही, तेव्हा आकाशवाणीची वाट बघू नका. चार दिवस 'गेले' असं धरून वागा, चार दिवस 'राहिले' असं धरून, आणि रोज रात्री मन कसं होतं ते लिहा. पण तुमच्या प्रश्नात अगदी शेवटी एक ओळ आहे: 'सासूबाईंशी सध्या बोलणं नाही, पण तो वेगळा विषय.' वहीत पहिली ओळ ती लिहा.