एंजलच्या टँकमध्ये कोण नांदेल?

मागच्या अंकात एंजल माशावर चार ओळी लिहिल्या आणि टपालाचा सगळा ओघ तिकडेच वळला. प्रश्न फिरून फिरून एकच : याच्याबरोबर दुसरं काय ठेवू? सगळ्यांना वेगळं लिहिणं शक्य नाही, म्हणून वेगवेगळ्या अडचणींची पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : ताई, माझा टँक दोन फुटी आहे. सहा महिन्यांपूर्वी रुपयाच्या नाण्याएवढे चार एंजल आणि दहा निऑन टेट्रा एकाच दिवशी आणले. सगळे गुण्यागोविंदाने राहत होते. पंधरा दिवसांपासून निऑन कमी होत चालले आहेत, पण मेलेला एकही सापडत नाही. फिल्टर उघडून पाहिला. आता तीनच उरलेत. पाण्यात काही दोष असेल का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : पाण्याला दोष देऊ नका. सात निऑन एंजलच्या पोटात गेलेत.

एंजलचा तो ऐटबाज आकार आणि संथ चाल बघून लोक त्याला गरीब समजतात. पण तो सिक्लिड आहे, म्हणजे ऑस्कर हा दांडगा शिकारी मासा ज्या कुळातला त्याच कुळातला. ॲमेझॉनच्या खोऱ्यात बुडालेली मुळं आणि फांद्या यांच्या आड तो उभ्या पट्ट्यांमुळे दिसेनासा होतो, आणि किडे, झिंगे, लहान मासे टप्प्यात आले की गट्टम करतो. तुम्ही आणला तेव्हा त्याच्या तोंडात निऑन मावत नव्हता, आता मावतो. एवढाच काय तो सहा महिन्यांत पडलेला फरक. निऑन पुरता वाढला तरी तीन-साडेतीन सेंटिमीटरचा, त्यात सडपातळ. रात्री त्याचा रंग फिका पडतो आणि तो एका जागी स्तब्ध राहतो. तुम्ही सकाळी उठून दिवा लावेपर्यंत काम झालेलं असतं, म्हणून तुम्हाला काही दिसत नाही. दुकानात ही जोडी सर्रास एकत्र दाखवतात, कारण तिथे दोघंही पिल्लं असतात.

उरलेले तीन आजच दुसरीकडे हलवा. तसंही निऑनला २२ ते २५ अंशांचं पाणी मानवतं आणि एंजलला २५ ते २८ अंशांचं. दोघांना खूश ठेवणारा मधला पट्टा फारच अरुंद आहे.

आता न विचारलेलं सांगते. तुमची खरी अडचण निऑन नाही, टँक आहे. दोन बाय एक बाय एक फूट म्हणजे काठोकाठ भरला तरी ५६ लिटर. तळाची रेती आणि वरची मोकळी जागा सोडली की पाण्याची उंची राहते नऊ-दहा इंच. पूर्ण वाढलेला एंजल वरच्या परापासून खालच्या परापर्यंत आठ इंचांच्या आसपास भरतो, लांबपर जातीचा त्याहूनही जास्त. चौघांनी तिथे वळायचं कसं? या माशाला लांबीइतकीच उंचीही लागते. किमान दीड फूट उंचीचा टँक घ्या. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच असा केलात तर साधारण १६० लिटर पाणी बसतं. त्यात तुमचे चार एंजल आणि बाकीची मंडळी राहतील.

बाकीची मंडळी म्हणजे कोण? मला विचाराल तर मधल्या थरात आठ-दहा रमीनोज टेट्रा. हा पाच सेंटिमीटरपर्यंत वाढतो, घट्ट थवा करून फिरतो आणि एंजलच्या परांकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला उबदार पाणी चालतं, हा वरचा फायदा. माझ्या हॉलमधल्या टँकमध्ये हाच थवा आहे. तिथला काळा मार्बल एंजल एरवी मी खाद्याचा डबा हातात घेतला की काचेला नाक लावतो, पण या थव्याच्या वाटेला जात नाही. टँक मोठा असेल तर काँगो टेट्राही शोभतो, तो आठ सेंटिमीटरचा होतो. तळाला सहा कोरी, म्हणजे तळाशी फिरणारे छोटे मिशीवाले मासे, ठेवा. कोरींमध्येही स्टर्बाय नावाची जात बघा, ती इतरांपेक्षा गरम पाणी सोसते. कोरींसाठी रेती बारीक आणि गुळगुळीत हवी, नाहीतर त्यांच्या मिशा झिजतात. आणि त्यांना बुडणाऱ्या गोळ्या दिवा बंद केल्यावर टाका, उजेडात टाकलेली गोळी एंजल तळापर्यंत पोचूच देत नाही.

क्रम मात्र पाळा. आधी वाढलेले टेट्रा सोडायचे, ते रुळले की मग लहान एंजल. लहानपणापासून समोर असलेल्या आणि तोंडात न मावणाऱ्या माशाकडे एंजल सहसा खाऊ म्हणून बघत नाही. ‘सहसा’ हा शब्द मी मुद्दाम वापरलाय, हमी कुणीही देऊ शकत नाही.

प्रश्न : ताई, मी सातवीत आहे. आमच्या तीन फुटी टँकमध्ये दोन एंजल आहेत. मला टायगर बार्ब फार आवडतात कारण ते सतत पळत असतात. दुकानातले काका म्हणाले, सहा घेतले की ते आपापसात खेळतात. घेऊ का? मित्राने रंगीत विडो टेट्राही सांगितलेत.
— नाशिक

उत्तर : बाळा, काका अर्धं बरोबर बोलले. टायगर बार्ब मोठ्या गटात असले की त्यांची बरीचशी भांडणं आपसातच होतात. पण एंजलच्या पोटाखालून लोंबणारे ते दोन लांब धागे आणि शिडासारखे पर बघितले की त्यांना चावा घेतल्याशिवाय राहवत नाही. आठ दिवसांत पर कुरतडलेले दिसतील, मग जखमेवर बुरशी धरते आणि एंजल कोपऱ्यात उभा राहून खाणं सोडतो. विडो टेट्रा आणि सर्पे टेट्रा यांनाही हीच खोड आहे. शिवाय तुझ्या मित्राने पाहिलेले ते गुलाबी-निळे-हिरवे विडो बहुतेक वेळा रंगवलेले असतात. रंगवताना माशाला त्रास होतो आणि काही महिन्यांत रंग उतरतो. तसले घ्यायचेच नाहीत.

पळणारे मासे हवेत ना? मग चेरी बार्ब बघ. मूळचा श्रीलंकेचा, स्वभावाने शांत, आणि नर रंगात आला की लालभडक दिसतो. सहा-आठ घे, त्यात माद्या जास्त. फार छोटी पिल्लं घेऊ नकोस, तुझे एंजल केवढे झालेत ते आधी पट्टीने काचेवरून मोज आणि तळहाताएवढे असतील तर निदान दीड इंचाचे बार्ब माग. थोडी झाडं पण लाव, म्हणजे त्यांना लपायला जागा होईल.

प्रश्न : काच साफ राहावी म्हणून दुकानदाराने एंजलसोबत एक सकर दिला. वर्षभरात तो वीतभर झाला. आता एंजलच्या अंगावर गोल पांढुरके डाग दिसतात. औषध कोणतं घालू? आणि सकर जड झालाय, तो तलावात सोडला तर चालेल का?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : औषधाआधी सकर बाहेर काढा. लहानपणी तो शेवाळ खरवडतो. मोठा झाला की आळशी होतो आणि रात्री झोपलेल्या एंजलच्या सपाट अंगाला चिकटून त्यावरचा चिकट थर चाटतो. तुम्ही म्हणता ते गोल डाग बहुधा त्याचेच. त्याला काढल्यावर आठवडाभर एक दिवसाआड थोडं थोडं पाणी बदला. वरवरच्या जखमा स्वच्छ पाण्यात आपोआप भरतात. लाल झाल्या किंवा कापसासारखं काही दिसलं तरच औषधाकडे वळा.

तलावात? अजिबात नाही, आणि तुमच्या जिल्ह्यात राहून हा प्रश्न तुम्हाला पडावा याचं मला नवल वाटतं. उजनीच्या मच्छीमारांना जाऊन विचारा. हा दक्षिण अमेरिकेतला मासा तिथे त्यांच्या जाळ्यात येतो. त्याच्या अंगावर कडक पत्रे आणि परांना काटे, त्यामुळे जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. तो तिथे आकाशातून पडलेला नाही, तुमच्या-आमच्या टँकमधून गेलेला आहे. दुकानदाराला परत द्या. फुकट द्यावा लागला तरी द्या.

शेवाळासाठी ब्रिसलनोज आणा. तोही सकरचाच भाऊबंद, पण बारा-तेरा सेंटिमीटरवर थांबतो. त्याला चघळायला लाकडाचा एक तुकडा ठेवा.

प्रश्न : आमचे सहा एंजल वर्षभर सुखाने राहिले. आता दोघांनी टँकची डावी बाजू बळकावली आहे. बाकीचे चौघे उजव्या कोपऱ्यात वरती दबून असतात आणि कोरींनाही मार बसतोय. मोठा जो आहे तो सगळ्यात जास्त चिडतो. त्यालाच काढून टाकावं म्हणते.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, अभिनंदन! तुमच्याकडे जोडी जमली. डाव्या बाजूला फिल्टरचा पाइप किंवा रुंद पानाचं झाड आहे ना? ते दोघं तोंडाने त्याची एखादी उभी जागा घासून साफ करत असतील. अंडी तिथेच चिकटवतील, किंवा एव्हाना चिकटवलीही असतील. दोन-अडीच दिवसांत अंडी फुटतात आणि पुढे पाचेक दिवसांत पिल्लं पोहायला लागतात. तोपर्यंत जवळ येणारा प्रत्येक जण त्यांच्या लेखी चोर. आणि कोरींवरचा राग अगदीच अनाठायी नाही. त्या रात्री अंडी खातात.

मोठ्याला काढून काही साधणार नाही, जोडी तेवढी मोडेल. शिवाय तो नर असेलच असं नाही. एंजलमध्ये नर-मादी नुसतं बघून ओळखता येत नाहीत, अंडी घालताना खाली दिसणाऱ्या नळीवरूनच काय तो अंदाज येतो. कधी दोन माद्याही जोडी करून अंडी घालतात आणि ती अंडी पांढरी पडतात. त्यामुळे पहिल्या खेपेची अंडी वाया गेली तर खट्टू होऊ नका.

जागा असेल तर जोडीला वेगळा टँक द्या, दीड फूट उंचीचा, साध्या स्पंज फिल्टरचा. जागा नसेल तर चौघांना नवं घर शोधा. काचेची किंवा जाळीची आडभिंत हा तात्पुरता उपाय आहे, महिना-दोन महिने चालेल. तिसरा मार्ग ‘आपोआप निवळेल’ म्हणून वाट बघण्याचा. तो मात्र धरू नका. चौघांतला सगळ्यात दुबळा त्यात जातो.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ६०० च्या आसपास, म्हणजे जड. एंजल जगतील का? आणि त्यांच्यासोबत काय?
— छत्रपती संभाजीनगर

उत्तर : जगतील. रानातला एंजल मऊ, आम्लधर्मी पाण्यातला. पण आपल्या दुकानांत येणारा एंजल शेतीतला असतो, आणि त्यासाठी चेन्नईचं कोळत्तूर प्रसिद्ध आहे. तो पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या पाण्याला सरावलेला आहे. जड पाण्यात त्याची वीण नीट होत नाही, राहतो मात्र ठीक. आज बोअर, उद्या नगरपालिका, परवा आरओ असं करू नका, त्यानेच जास्त मरतात.

सोबतीला वर ज्यांची मी तारीफ केली ते रमीनोज तुमच्यासाठी नाहीत. मोठ्या मॉली घ्या, त्यांना जड पाणीच आवडतं. त्या पिल्लं घालतील, एंजल ती खातील, म्हणजे टँकमध्ये गर्दी होण्याचा प्रश्न मिटला. चार फुटी टँक असेल तर पापुआकडचे बोएसेमनी रेनबोही चालतील. ते खाण्यात चपळ आहेत, म्हणून खाद्य दोन टोकांना टाका. मे महिन्यात पाणी ३० अंशांच्या वर चढू लागलं की झाकण काढून जाळी टाका आणि पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. दोन-तीन अंश सहज उतरतात. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा त्या दिवसांत हवेचा पंप रात्रीही चालू ठेवा.

फुटकळ प्रश्नांची झटपट उत्तरं : गोल्डफिश नको, त्याला थंड पाणी हवं आणि तो घाणही खूप करतो. गप्पी नको, नराची शेपटी हे एंजलला आमंत्रणच. फायटर नको, कोण कुणाचे पर फाडेल सांगता येत नाही. पर्ल गौरामी चालेल, निळा गौरामी मोठेपणी दादागिरी करतो. डिस्कसला एंजल जेवू देत नाही. चेरी श्रिंप हे एंजलसाठी महागडं खाद्य. दुकानातली ‘शार्क’ कुठलीच घेऊ नका. सिल्व्हर शार्क फूटभर होते आणि पंगास तर मीटरभर.

प्रश्न : टँकमध्ये गोगलगायी बेसुमार झाल्यात. मित्र म्हणतो, आपल्याकडच्या ओढ्यात पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा लोच मिळतो, तो धरून आण, गोगलगायी संपवेल. एंजलशी त्याचं जमेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जमेल, स्वभावाने शांत आहे बिचारा, आणि गोगलगायी खातोही. पण हा मासा फक्त सह्याद्रीच्या नद्यांत सापडतो आणि आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद धोक्यात आलेली जात म्हणून आहे. ओढ्यातून धरू नका. दुकानात येणारे बरेचसे नदीतूनच पकडलेले असतात, म्हणून मी तिथूनही घेत नाही. गोगलगायी वाढल्या याचा अर्थ खाद्य जास्त पडतंय. ते निम्मं करा. रात्री उकडलेल्या काकडीची चकती तळाला ठेवा आणि सकाळी गोगलगायींसकट उचला. आठवडाभर रोज करा.