कमलाबाई निंबकर आणि लकव्यानंतरचा जेवणाचा हात

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी बाबांना लकवा झाला, उजवी बाजू गेली. आता काठी धरून अंगणात फिरतात. बोटं थोडी मिटतात, पण घास तोंडापर्यंत जात नाही, म्हणून आई भरवते. तालुक्याला येणाऱ्या व्यवसायोपचारवाल्या (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं करवून हात-पाय पुन्हा चालते करण्याचा उपचार) ताई ‘भरवू नका’ म्हणून सारख्या बजावायच्या, कमलाबाई निंबकरांचं नाव आदरानं घ्यायच्या. ताई नुकत्याच वारल्या. कमलाबाई कोण होत्या? आणि बाबांना जेवायला लावायचं कसं?
— एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : कमलाबाई मूळच्या अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. चाळिशी उलटल्यावर अमेरिकेत जाऊन त्यांनी व्यवसायोपचार शिकून घेतला, आणि १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या विषयाची देशातली पहिली शाळा सुरू केली. १९५२ मध्ये व्यवसायोपचारकांची अखिल भारतीय संघटना उभी केली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या व्यवसायोपचारकांच्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारत होता, तो त्यांच्यामुळे. फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था शेतकऱ्यांना ठाऊक असते. तिचे संस्थापक बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव. १९७९ मध्ये त्या गेल्या.

रोग्याची रोजची कामं हाच त्याचा उपचार, यावर ही सगळी विद्या उभी आहे. आई मायेनंच भरवते. पण त्यामुळे उजव्या हाताला दिवसभरात एकही काम उरत नाही, आणि न वापरलेला हात आखडतो. ताईंचं ऐका.

सुरुवात बसण्यापासून करा. बाजेवर नको, सुंभ झोळतं आणि अंग लकव्याच्या बाजूला कलतं. पाठ असलेली लाकडी खुर्ची घ्या, तळवे जमिनीवर पूर्ण टेकलेले हवेत. टेकत नसतील तर पायाखाली पाट. समोर कोपराच्या उंचीचं टेबल ठेवून उजवा हात त्यावर ठेवा. हात लोंबकळत राहिला तर त्याच्या वजनानं खांद्याचा सांधा खाली सरकतो, मग दुखण्यापायी बाबा हात हलवूच देणार नाहीत. उठवतानाही त्या हाताला किंवा काखेत धरून ओढू नका.

चमच्याच्या दांड्यावर सुती कापड गुंडाळून वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा. जाडी साधारण तीन सेंटिमीटर. त्याहून जाड झाली तर बोटं पुरती मिटत नाहीत. ट्यूबचाच एक तुकडा ताटाखाली ठेवा, ताट सरकणार नाही. ताट काठाचं, खोलगट हवं. पहिले काही दिवस घट्ट खिचडी द्या. पातळ वरण चमच्यातून सांडतं आणि माणूस हिरमुसतो.

पहिले चार-पाच घास बाबांच्या हातानं, तुमचा हात फक्त त्यांच्या कोपराखाली. उचलायचं त्यांनी, तुम्ही नुसता तोल सांभाळायचा. दमले की बाकीचं जेवण डाव्या हातानं होऊ द्या. सांडलं तर लगेच पुसायला धावू नका. मात्र गिळताना ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज घोगरा होत असेल, तर हे सगळं थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा. अन्न श्वासनलिकेत जात असू शकतं.

जेवणाखेरीज दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटं, दोन्ही हात ओल्या फडक्यावर ठेवून टेबल पुढे-मागे पुसायला लावा. पकड सुधारली की भुईमुगाच्या शेंगा फोडणं, तुरी निवडणं. रबरी चेंडू दाबायला मात्र देऊ नका. बोटं आधीच आत ओढली जात असतील तर दाबून दाबून ती आणखी आवळतात. खरी अडचण मूठ उघडण्याची असते. बंडी घालताना आधी लकव्याचा हात बाहीत, काढताना आधी चांगला.

हात तपासून घ्यायला नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, व्यवसायोपचार विभाग आहे. जाताना घरचा चमचा, ताट आणि बाबांची चप्पल सोबत न्या. काय बदल हवा ते रोजच्या वस्तू पाहूनच नेमकं सांगता येतं.