८ महिन्यांच्या बाळाला रात्रीच्या गाडीत आणि गावच्या घरी कसं झोपवावं?

तुमचा प्रश्न असा: मुलगी ८ महिन्यांची आहे, गणपतीला ठाण्याहून सावंतवाडीला रात्रीच्या रेल्वेगाडीने पहिल्यांदाच निघताय, पुढे आठ दिवस भरल्या घरात मुक्काम आहे, तर तिच्या झोपेचं काय करायचं.

मी डॉक्टर नाही. डोंबिवलीत राहतो, गाव कुडाळजवळ, दोन मुलांचा बाप. दोन्ही मुलांना पहिल्या वाढदिवसाच्या आत गणपतीला गावी नेलंय. थोरल्याच्या वेळी साफ फसलो, धाकटीच्या वेळी बऱ्यापैकी जमलं.

थोरला तेव्हा ७ महिन्यांचा होता. माझी अक्कल अशी चालली की दुपारनंतर त्याला झोपूच द्यायचं नाही, म्हणजे गाडीत चढल्या चढल्या गाढ झोपेल. संध्याकाळभर खुळखुळे वाजवले, गॅलरीतून कबुतरं दाखवली, डोळे मिटायला लागला की उचलून फिरवलं. गाडी ठाण्याला येते बाराच्या आसपास. तोपर्यंत त्याची झोप अशी काही उडाली की पोरगं ठाण्याला जे रडायला लागलं ते चिपळूणपर्यंत. मोठा माणूस दमला की आडवा होतो, बाळ दमलं की पेटतं. अति दमल्यावर त्याचं शरीर जागं राहण्यासाठीच जोर लावतं आणि मग मांडी, खांदा, दूध कशालाच दाद देत नाही. ८ महिन्यांचं मूल सलग अडीच-तीन तास, फार तर साडेतीन तास नीट जागं राहू शकतं. त्यामुळे प्रवासाच्या दिवशी तिच्या दुपारच्या झोपांना अजिबात हात लावू नका. उलट एखादी जास्त झाली तर होऊ द्या. या वयात २४ तासांत सगळ्या डुलक्या धरून १२ ते १६ तास झोप लागते. एका रात्रीत थोडी कमी पडली तर ती पुढच्या दोन दिवसांत भरून निघते, ते मनाला लावून घेऊ नका.

धाकटीच्या वेळी आम्ही गाडीची वाट बघितलीच नाही. रोजच्यासारखं साडेआठला घरीच झोपवलं. अंग पुसून झालं, रात्रीचे कपडे घातले, दूध पाजलं, दिवा मालवला. पावणेअकराला झोपलेली तशीच उचलून छातीशी बांधली आणि स्टेशनवर. फलाटावरच्या घोषणेने जागी झाली, टकामका बघत राहिली, रडली मात्र नाही, कारण तिची पहिली गाढ झोप होऊन गेली होती. बर्थवर पोचल्यावर घरचा क्रम पुन्हा केला, फक्त छोटा करून. लंगोट बदलला, बायकोने पाजलं, तिचं रोजचं दुपटं खाली घातलं, आणि मी पाढे म्हणायला लागलो.

हो, पाढे. मला गाता येत नाही. थोरल्याच्या वेळेपासून आमच्या घरी अंगाई म्हणजे 'बे एके बे, बे दुणे चार', एकाच सुरात, हळू. मुलांना साधारण सहाच्या पाढ्यापर्यंत झोप लागते. त्या रात्री बाराच्या पाढ्यापर्यंत जावं लागलं, आणि मी अडखळलो तर मधल्या बर्थवरचे आजोबा अंधारातून म्हणाले, "बारा नव्वे अठोदरसे." पुढच्या दहाव्या मिनिटाला आजोबा घोरत होते. ती त्यांच्यानंतर झोपली.

सांगायचं ते एवढंच: बाळाला घड्याळ कळत नाही, क्रम कळतो. आधी काय, नंतर काय, कुठला वास, कुठला आवाज, यावरून त्याला समजतं की आता निजायचं. जागा बदलणार, वेळ बदलणार, त्याला इलाज नाही. क्रम मात्र पिशवीत घालून नेता येतो. तुमच्याकडे असा क्रम अजून ठरलेला नसेल तर निघायच्या आधी आठ-दहा दिवस रोज तेच चार टप्पे, त्याच ओळीने करा. आणि जे दुपटं नेणार आहात ते निघताना धुऊ नका. धुतलेल्या दुपट्याला साबणाचा वास येतो, घराचा नाही.

आता गाडीतलं. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण मग बर्थही मिळत नाही, म्हणजे ती तुमच्याच बर्थवर. २०२२ च्या मे महिन्यात लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडलेला छोटा 'बेबी बर्थ' बसवून बघितला होता. आमच्या कोकणच्या गाडीत मी तो कधी पाहिलेला नाही. तेव्हा खालचा बर्थ मिळवा. नाही मिळाला तर डब्यात विनंती करा, तान्हं मूल बघितल्यावर बहुतेक लोक देतात. बाळाला भिंतीच्या बाजूला, पाठीवर, सपाट निजवायचं. उशी नको, आणि रेल्वेचं ब्लँकेट तिच्या अंगावर अजिबात नको. ते जड असतं आणि झोपेत तोंडावर येतं. एसीत गारठा वाटला तर सुती झबल्यावर पूर्ण बाह्यांचा कपडा आणि पायमोजे चढवा. टोपडं गाढ झोपल्यावर काढून ठेवा.

एवढ्याशा बर्थवर मोठा माणूस शेजारी गाढ झोपला तर ते बाळाला धोक्याचं असतं. आम्ही पाळ्या लावल्या होत्या: पनवेल ते रत्नागिरी मी बसून जागा, पुढे बायको. बाळाला छातीवर घेऊन 'जरा डोळा लावतो' हे तर करूच नका. त्यातच माणसाला कधी झोप लागते ते कळत नाही.

आमच्या आजीचा सल्ला होता, वरच्या बर्थच्या साखळीला साडीची झोळी बांध. मी बांधलीय, थोरल्याच्या त्या रात्री. त्याला झोप लागलीही. पण झोळीत मान पुढे दुमडून हनुवटी छातीला टेकते, श्वासाला अडचण होते, आणि गाडीने गचका दिला की गाठीचा भरवसा नाही. पंधरा मिनिटं समोर बसून, नजर न हलवता, शांत करण्यापुरती ठीक. झोप लागली की उचलून बर्थवर. रात्रभर झोळी नको.

एक गंमत माझ्या लक्षात आली. कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत, रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा तर साडेसहा किलोमीटरचा. मला धास्ती होती की बोगद्यातल्या आवाजाने धाकटी उठेल. ढिम्म. ती उठायची गाडी थांबली की! बराचसा मार्ग एकेरी आहे, समोरून गाडी यायची असली की क्रॉसिंगला थांबावं लागतं, आणि सगळं एकदम शांत झालं, हलणं बंद झालं, की दोन मिनिटांत हिचं कुरकुरणं सुरू. मग आम्ही शिकलो. गाडीचा वेग कमी व्हायला लागला की तिच्या पोटावर हात ठेवायचा आणि चाकांच्या तालावर हलकं थोपटायला लागायचं, म्हणजे गाडी थांबली तरी ताल चालू राहतो. लगेच उचलू नका, दिवा तर लावूच नका. मोबाइलचा उजेड लागलाच तर तो खाली, बर्थच्या सावलीत. लंगोट, एक जोडी कपडे आणि पुसायचं कापड उशाशी वेगळ्या पिशवीत ठेवा. रात्री अडीचला सीटखालची बॅग ओढली की डबाच जागा होतो.

गणपतीच्या दिवसांत पावसाळी वेळापत्रक चालू असतं, गाड्या हळू चालतात. पोचायच्या वेळेत तास-दोन तास जास्तीचे धरा आणि दुधाची, पेजेची सोय त्या हिशोबाने करा. प्रवासाच्या दिवशी नवीन काही भरवू नका. पोट बिघडलं की कुठलाच पाढा उपयोगाचा नाही.

खरी परीक्षा गाडीत नसते, गावी असते. ८ महिन्यांच्या मुलाला आपलं-परकं कळायला लागलेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच वीस माणसं तिला हातोहात फिरवणार. "चेडवाक हडे हाड, मी निजयतंय," (मुलीला इकडे आण, मी झोपवते) असं मालवणीत म्हणत काकी हात पुढे करतात. त्यांचं प्रेम खरं असतं, पण संध्याकाळी सहानंतर मुलगी या हातातून त्या हातात गेली की आठ वाजता तिचा तोच पेटलेला अवतार. आम्ही पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं: सकाळी हवी तेवढी घ्या, दिवे लागले की ती आमची. हे ज्याच्या माणसांना सांगायचं त्याने सांगावं. माझ्या काकीला मी सांगितलं. बायकोने सांगितलं असतं तर ते आठ दिवस पुरलं असतं.

एक खोली मागून घ्या, माळ्याजवळची का असेना. पंखा चालू ठेवा. त्याच्या एकसुरी घरघरीत आरती, भजन, फुगड्या सगळं बुडून जातं. सतत चालणाऱ्या आवाजाला मुलं सरावतात, दचकतात ती अचानक फुटलेल्या फटाक्याला. डासांसाठी मच्छरदाणी, कडा नीट खोचलेली. बंद खोलीत कॉइलचा धूर नको. निजवायची जागा कडक आणि सपाट, म्हणजे जमिनीवर घडी घातलेली गोधडी उत्तम. मऊ कापसाच्या गादीत बाळ रुततं.

आणि आता जायफळ. कोकणात ते परसात पिकतं आणि कुणीतरी वडीलधारं सहाणेवर उगाळून गुटीतून देऊ म्हणणारच, "रात्रभर हलूची नाय." आमच्या बालरोगतज्ज्ञांनी स्पष्ट नको म्हणून सांगितलं होतं. जायफळ जास्त झालं तर विषारी ठरतं आणि उगाळलेल्याचं माप कुणाला सांगता येत नाही. झोप यावी म्हणून सर्दीचं औषध देण्याची क्लृप्ती त्याहून वाईट. त्यातल्या प्रोमेथाझिनसारख्या औषधांनी दोन वर्षांखालच्या मुलांचा श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्येच त्याबद्दल कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडे हा मोह जुना आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूच्या बाळागोळ्या देत, कारण घरी बघायला कुणी नसे. तुमच्याकडे बघायला वीस माणसं आहेत. आणि गुटीत घालून मध देऊ केला तर तोही वर्षाच्या आत नको.

स्टेशनवरून गावापर्यंत रिक्षा किंवा गाडी लागेल. खाजगी गाडी असेल तर मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट लावा. मात्र सीटमध्ये झोपली म्हणून घरी पोचल्यावर तिला त्याच सीटमध्ये तासन्‌तास ठेवू नका, काढून सपाट निजवा.

परत आल्यावर तीन-चार रात्री ती घरीही उठेल. नेहमीचीच खोली तिला परकी वाटते, माणसं कमी झालेली असतात, पंख्याचा आवाज वेगळा. आमची धाकटी तर दोन रात्री आरतीच्या वेळेला ताजीतवानी होऊन टाळ्या वाजवायची. तेव्हा पहिल्या रात्रीपासून तोच क्रम लावा, साडेआठ म्हणजे साडेआठ. रजा मात्र एक दिवस जास्तीची घ्या, ती तुमच्या झोपेसाठी.