डेन्वरहून यलोस्टोनला जाताना बफेलो, वायोमिंगमधे आईबाबांना घेऊन थांबण्यासारखं काही आहे का, की नुसती गुरं आणि गवत?

तुमच्या प्रश्नातलं 'नुसती गुरं आणि गवत' वाचलं आणि राहवलं नाही. हेच शब्द मी त्याच हायवेवर माझ्या साडूच्या तोंडून ऐकलेत आणि तेव्हा गाडीत बायकामुलं होती म्हणून गप्प बसलो होतो.

थांबा. एक अख्खा दिवस द्या. बफेलो हे जॉन्सन काउंटीचं मुख्य गाव, आय-२५ आणि आय-९० मिळतात तिथे, बिगहॉर्न डोंगराच्या पायथ्याशी. आपली मंडळी तिथे पेट्रोल भरतात, बर्गर खातात आणि यलोस्टोनच्या अलीकडच्या कोडी गावाला पोचायची घाई करतात. काय सोडून जातोय याचा पत्ताच नसतो.

मी फलटणकडचा, धनगराच्या घरातला. माझे वडील (आम्ही दादा म्हणतो) ऐन उमेदीत दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाच्या आधी परत वर यायचे, घोड्यावर बिऱ्हाड, रात्री वाघर (जाळ्याचं कुंपण) लावून मेंढरं आत. त्यामुळे गुरं आणि गवत याच्यामागे 'नुसती' लावलेलं मला सहन होत नाही. गवत आलं की कुणाचं गवत हा प्रश्न आला, आणि तिथून पुढे मारामारी, कोर्ट, फॉरेस्ट गार्डाचा दंड सगळं आलंच. या काउंटीत जे काही बघायचंय ते सगळं या एका प्रश्नाचं आहे.

दादा उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते तेव्हा साडूचं कुटुंब आणि आम्ही मिळून यलोस्टोनला निघालो. बफेलोला पोचलो तर साडू म्हणे अर्ध्या तासात निघू, अमेरिकेला कसला आलाय इतिहास, आपल्याकडे साडेतीनशे वर्षांचे किल्ले आहेत आणि हे शंभर वर्षांपूर्वीच्या गुरंचोरीचं म्युझियम करून बसलेत. मी ऐकलं नाही, दादांना घेऊन जिम गॅचेल म्युझियममधे शिरलो. हा गॅचेल गावातला औषधवाला, १९०० मधे दुकान काढलं, लाकोटा आणि शायान या इथल्या मूळ जमातींच्या लोकांशी त्याची दोस्ती, त्यांनी दिलेल्या वस्तू त्याने जपून ठेवल्या आणि तो गेल्यावर १९५७ मधे त्याच्या संग्रहाचं म्युझियम झालं. शेजारीच १८८४ चं कोर्ट. मोठं नाहीये, पण एकेका वस्तूपुढे उभं राहावंसं वाटतं.

दादांना इंग्रजी येत नाही, मी वाचून सांगत होतो. १८८० च्या सुमाराला इथे मोठमोठ्या गुरांच्या कंपन्या आल्या, बऱ्याच जणांचा पैसा इंग्लंड-स्कॉटलंडचा. पावडर नदीवर मोरटन फ्रेवेन नावाचा इंग्रज होता, विन्स्टन चर्चिलच्या मावशीचा नवरा, हजारो गुरं. कुंपण नाही, जमीन सरकारी, चरायला मोकळी. मग छोटे लोक आले, कुणी शेतं घेतली, कुणी कंपनीत काउबॉय म्हणून राबून चार गुरं स्वतःची केली. कंपनीवाल्यांनी १८८४ मधे कायदाच करून घेतला की माळावरचं, मालकाच्या खुणेचा डाग न दिलेलं वासरू त्यांच्या असोसिएशनचं, ते लिलावात जाणार. आणि ज्या काउबॉयकडे स्वतःची गुरं त्याला काम द्यायचं नाही. त्यात १८८६-८७ चा हिवाळा असा पडला की गुरं थव्याने मेली, कंपन्या बुडायला लागल्या, आणि खापर फुटलं छोट्यांवर, म्हणे जॉन्सन काउंटी म्हणजे चोरांचा अड्डा.

दादा म्हणाले, "म्हंजी गवात सरकारचं, वासरू कंपनीचं, आन् चोर ह्यो?" मी म्हटलं हो.

पुढचं तर ऐकाच. डिसेंबर १८९१ मधे जॉन टिसडेल नावाचा छोटा रँचवाला बफेलोहून नाताळचा बाजार आणि पोरांची खेळणी गाडीत घालून घरी निघाला होता, त्याला वाटेत पाठीमागून गोळी घातली. संशय ज्याच्यावर होता तो फ्रँक कँटन, याच काउंटीचा जुना शेरीफ. आणि एप्रिल १८९२ मधे कंपनीवाल्यांनी टेक्सासहून भाडोत्री बंदूकवाले आणले, शायानहून (हे राजधानीचं शहर, जमात नव्हे) कॅस्परपर्यंत स्पेशल रेल्वे, एकंदर ५० च्या आसपास माणसं, मारायच्या लोकांची यादी खिशात, टेलिग्राफच्या तारा तोडलेल्या, बरोबर पेपरवाले सुद्धा, आणि हाच कँटन त्यांच्यात. ९ एप्रिलला त्यांनी केसी रँचवर छोट्यांच्या बाजूच्या नेट चँपियन या काउबॉयला घेरलं. त्याचा जोडीदार निक रे सकाळीच गोळी लागून पडला. चँपियन दिवसभर एकटा लढला, आणि मधल्या वेळात छोट्या वहीत लिहीत होता, मित्रांना उद्देशून, की फार एकटं वाटतंय, सोबत कुणी असतं तर चारी बाजूंनी लक्ष ठेवता आलं असतं. शेवटी घर पेटवलं, तो पळाला आणि बाहेर टिपला. ती वही त्यांच्यातल्याच पेपरवाल्याच्या हाती लागली म्हणून आज आपल्याला माहीत आहे.

मग गाव उठलं. दुकानदाराने दुकानातल्या बंदुका आणि काडतुसं वाटली, शेरीफ रेड अँगसने माणसं जमवली आणि त्या टोळीलाच टीए रँचवर कोंडलं. लोक डायनामाइट घेऊन अगदी जवळ सरकणार तेवढ्यात, १३ एप्रिलला, घोडदळ आलं. गव्हर्नरने थेट प्रेसिडेंट हॅरिसनला तार केली होती. सैन्य कुणाला वाचवायला आलं बघा, मारेकऱ्यांना!

"पुढं शिक्षा झाली का कुनाला?" दादांचा पुढचा प्रश्न. नाही झाली. दोन साक्षीदार राज्याबाहेर पळवले, खटला शायानला हलवला, काउंटीकडे खर्चाला पैसे नव्हते, जानेवारी १८९३ मधे सगळे सुटले. दादा काही आश्चर्य वाटल्यासारखे दिसले नाहीत. त्यांनी विचारलं, "आन् कंपनीच्या आदी ती जमीन कुनाची हुती?"

हा प्रश्न माझ्या इंजिनियर साडूला पडला नाही, चौथी शिकलेल्या माणसाला पडला. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आधी उत्तरेला फोर्ट फिल कर्नीला गेलो, वीसेक मिनिटं लागतात. सोन्याकडे जाणारा बोझमन ट्रेल राखायला सैन्याने १८६६ मधे हा किल्ला लाकोटा, शायान, अरापाहो यांच्या शिकारीच्या मुलखात बांधला. २१ डिसेंबर १८६६ ला कॅप्टन फेटरमनची तुकडी हूल देणाऱ्या थोड्या घोडेस्वारांच्या मागे टेकडीपलीकडे गेली आणि ८१ च्या ८१ मारले गेले. १८६८ च्या तहाने सैन्याला किल्ला सोडावा लागला आणि शायान लोकांनी तो जाळला. म्हणजे लाकोटांचा सरदार रेड क्लाउड, लाल ढग, ते सगळं युद्ध जिंकला होता. पण पुढे १८७६ च्या नोव्हेंबरात, आताच्या केसीच्या पश्चिमेला, कर्नल मॅकेन्झीने डल नाइफ या सरदाराचं शायान गाव कडाक्याच्या थंडीत पहाटे जाळलं, आणि त्यानंतरच कंपन्यांची गुरं इथे आली. फेटरमनच्या टेकडीवरच्या दगडी स्मारकावर शेवटी कोरलंय की कुणीही वाचलं नाही. शेकड्यांनी वाचले की, दुसऱ्या बाजूचे! त्यांना धरलंच नाही. साडूलाही नेमकं हेच सांगायचंय मला, की शंभर वर्षांचा देश म्हणताना तूही त्यांना धरत नाहीस.

तिथून परत येऊन हायवे १६ ने डोंगर चढलो. वर एका कच्च्या रस्त्याला मेंढरांचा मोठा कळप आणि बाजूला शीपवॅगन दिसली तसे दादा म्हणाले गाडी थांबव. या शीपवॅगन वायोमिंगमधेच १८८० च्या दशकात निघाल्या. वर कॅनव्हासचं गोल छप्पर, दार पुढून आणि ते पण वरचं-खालचं वेगळं उघडणारं, आत शिरल्या शिरल्या चूल, दोन्ही बाजूला बाकं, मागे आडवा पलंग, आणि पलंगाखालून ओढलं की टेबल बाहेर. मेंढपाळ पेरू देशातला, स्पॅनिश बोलणारा. पूर्वी या डोंगरात बास्क लोक (स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचे) हे काम करायचे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आलेले, त्यांची घराणी आजही बफेलोत आहेत. मी मोडक्या स्पॅनिशमधे दोन वाक्यं बोललो आणि माझा उपयोग संपला. दादांनी एक लंगडणारी मेंढी बोटाने दाखवली, त्याने ती धरून उलटी बसवली, दोघांनी मिळून खूर बघितला, त्याने चाकू काढला, दादांनी पाय घट्ट धरला. मग त्याने कॉफी दिली. दादांनी मला विचारायला लावलं की शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवायचं धान्य देतात का इथे. नाही देत, पगारी नोकरी आहे. ते काही दादांना पटलं नाही, मेंढरं दुसऱ्याची आणि गडी इतक्या लांबचा.

साडू गाडीत हॉर्न वाजवत होता. हो, मेंढरांच्या कळपाशेजारी हॉर्न.

डोंगर उतरल्यावर टेन स्लीप, तिथे काउंटी बदलते पण दक्षिणेला स्प्रिंग क्रीकची जागा जरूर बघा. २ एप्रिल १९०९ च्या रात्री गुरंवाल्यांनी तीन मेंढरंवाल्यांना मारलं आणि अशाच वॅगन जाळल्या. दादांनी तिथेही तोच प्रश्न विचारला, शिक्षा झाली का. यावेळी झाली होती, पाच जण तुरुंगात गेले, आणि असले जीवघेणे हल्ले त्यानंतर थांबले. १८९२ आणि १९०९ मधला हा फरक कळला तर या मुलखाचं बरंच कळलं असं माझं ठाम मत आहे.

बाकी भराभर सांगतो. ऑक्सिडेंटल हॉटेल १८८० चं, क्लिअर क्रीकच्या काठावर, जुनं सलून छान राखलंय, आईबाबांना आवडेल. टीए रँचच्या गोठ्याच्या लाकडात गोळ्यांची भोकं आजही आहेत, पण ती खाजगी गेस्ट रँच आहे, फोन केल्याशिवाय जाऊ नका. केसी गाव दक्षिणेला पाऊण तासावर, म्हणजे डेन्वरहून येताना आधीच लागेल, तिथलं हूफप्रिंट्स ऑफ द पास्ट म्युझियम छोटं पण जिव्हाळ्याने चालवलेलं. होल-इन-द-वॉल, बुच कॅसिडी या दरोडेखोराच्या टोळीची लपायची जागा, आईबाबांना घेऊन अजिबात जाऊ नका, रस्ता कच्चा, भाड्याची गाडी अडकेल, वर चालायचंही आहे. तिथली एक जुनी केबिन कोडीच्या ओल्ड ट्रेल टाउनमधे आणून ठेवलीय, ती बघा.

हे आधी सांगायला हवं होतं, फोर्ट फिल कर्नीला मूळ इमारत एकही नाही, लाकडी तटाचा थोडा भाग नव्याने उभारलाय आणि बाकी माळ, माहितीचे बोर्ड आणि वारा. आधी वाचून गेलात तरच मजा आहे. हिवाळ्यात जात असाल तर म्युझियमच्या वेळा बघून जा. आणि मेंढरांच्या कळपाजवळ ती पांढरी मोठी केसाळ कुत्री असतात, मेंढपाळाने हात केल्याशिवाय गाडीतून उतरू नका, दादा पण थांबले होते.

गाडीत घाई करणारं कुणी असेल तर त्याला सकाळीच दुसऱ्या गाडीने पुढे पाठवा, कोडीत भेटा म्हणावं. बफेलोत टाकी फुल करा, वर पेट्रोलचा भरवसा नाही.