पाच मिनिटं दार लावून घेतलंस, बरोबर केलंस

"ताई, माझं बाळ सात आठवड्यांचं आहे. संध्याकाळचे सहा वाजले की जे रडायला लागतं ते दहा-साडेदहापर्यंत. पाजलं, ढेकर काढली, डायपर बदललं, बेंबीभोवती हिंग लावला, दृष्ट काढली, काही करा थांबतच नाही. मी माहेरी साताऱ्याला आहे, नवरा पुण्यात, शनिवार-रविवार येतो. आजी म्हणते तुझंच दूध बाधतंय, म्हणून मी दूध, डाळी, कोबी, फ्लॉवर सगळं बंद केलंय. सासूबाई फोनवर म्हणतात आमच्याकडचं एकही पोर असं रडलं नाही. आई दिवसभर स्वैपाकात, बाबा टीव्ही बघत बसतात. परवा नऊ वाजता मला वाटलं आता मी याला गदागदा हलवेन. मग पाळण्यात ठेवलं, दार लावलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले पाच मिनिटं. तो आत रडत होता आणि मी बाहेर. तेव्हापासून मला माझीच लाज वाटतीये. मी इतकी वाईट आई आहे का?"

अगं, तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, बाकीचं नंतर. त्या रात्री तू जे केलंस ते अगदी बरोबर केलंस. जगभरचे बालरोगतज्ज्ञ नव्या आईबापांना हेच सांगतात, की रडणं सहन होईनासं झालं, हातातला जोर वाढतोय असं वाटलं की बाळाला पाठीवर सुरक्षित ठेवा, दार ओढून घ्या, पाच-दहा मिनिटं लांब जा, पाणी प्या, श्वास घ्या, मग परत जाऊन बघा. पाळण्यात रडून त्याला काहीही होत नाही. पण हलवलं तर होतं. तान्ह्याची मान लुळी असते, डोकं अंगाच्या मानाने जड असतं, जोरात हलवलं की मेंदूच्या आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात आणि त्यातनं कायमचं अंधत्व, अपंगत्व, मृत्यूसुद्धा येतो. आणि हे घडतं ते बहुतेक वेळा दमलेल्या, झोप न झालेल्या माणसाच्या हातून, त्या एका क्षणात. तो क्षण तू ओळखलास आणि बाळाला खाली ठेवलंस. परत तशी वेळ आली तर परत असंच कर, आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेव की मी असं करणारे आणि तुम्हीही करा.

आता रडण्याचं. तू सांगतीयेस त्याला डॉक्टर कॉलिक म्हणतात. १९५४ साली अमेरिकेतल्या डॉ. वेसल यांनी त्याचं एक माप ठरवलं, दिवसात तीन तासांपेक्षा जास्त, आठवड्यात तीन दिवसांपेक्षा जास्त आणि असं तीन आठवडे. आता डॉक्टर इतकं काटेकोर मोजत नाहीत, पण तुझं बाळ त्यात बसतंच. पाचातलं एखादं बाळ असं असतं. आईचं दूध पिणारं असो की वरचं, मुलगा असो की मुलगी, त्याने फरक पडत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत आपोआप ओसरतं. म्हणजे तू आत्ता बरोबर घाटमाथ्यावर आहेस, इथून पुढे उतार आहे. आणि रडणारं ते बाळ मधल्या वेळात नीट पीत असेल, दिवसाला निदान सहा डायपर ओले करत असेल, वजन वाढत असेल, तर ते आजारी नाहीये. लालबुंद होतं, मुठी आवळतं, पाय पोटाशी घेतं, म्हणून आपल्याला वाटतं पोटात गॅस झालाय. बरेचदा उलटं असतं, रडताना हवा गिळतं म्हणून गॅस होतो. नक्की कारण वैद्यकशास्त्रालाही अजून सापडलेलं नाही. त्यामुळे सासूबाईंना कुठलं सापडणार? त्यांच्याकडच्या पोरांचं तीस वर्षांपूर्वीचं संध्याकाळचं रडणं त्यांच्या लक्षात राहिलेलं नसणं जास्त शक्य आहे. वाद घालू नकोस, फोन आईकडे दे.

आजीच्या म्हणण्यावरून जेवण सोडलंस ते मात्र आजच्या आज परत सुरू कर. मला तुझ्या पत्रातलं सगळ्यात जास्त हेच खटकलं. पाजणाऱ्या बाईला रोजच्यापेक्षा साधारण ५००-६०० कॅलरी जास्त लागतात आणि तू दूध, डाळी सोडून दिवस काढतीयेस. कोबी खाल्ल्यावर तुझ्या पोटात होणारा गॅस दुधात उतरत नाही. वरणभात खा, दही खा, डिंकाचे लाडू खा, तहान लागेल तसं भरपूर पाणी पी. अपवाद एकच, काही बाळांना गाईच्या दुधातल्या प्रोटीनची अॅलर्जी असते, तेव्हा शीमध्ये रक्त किंवा चिकट शेंब दिसतो, अंगावर चट्टे उठतात, वजन रखडतं. असं दिसलं तर डॉक्टर आईला दोन-चार आठवडे दूध-दही-पनीर बंद करून बघायला सांगतात. ते त्यांनी सांगू दे, आपल्या मनाने नको. आणि दूध पातळ आहे वगैरे जे बोलतात ते ऐकून वरचं दूध सुरू करू नकोस, वजनकाटा काय म्हणतो ते बघ.

औषधांचं पण स्पष्टच लिहिते कारण तुझ्या घरात आत्ता यावरच खल चालला असणार. दुकानातले गॅसचे ड्रॉप्स, सिमेथिकोनचे, निरुपद्रवी आहेत पण अभ्यासात त्यांचा विशेष फायदा दिसलेला नाही. ग्राइप वॉटर इंग्लंडमध्ये १८५१ सालापासून विकलं जातंय, पूर्वी त्यात चक्क अल्कोहोल असायचं, आता नसतं, पण सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाण्याचीसुद्धा गरज नाही तर हे तरी कशाला. डायसायक्लोमिन असलेलं पोटदुखीचं जुनं ड्रॉप्स कपाटात सापडलं तर फेकून दे, सहा महिन्यांखालच्या बाळाचा श्वास त्याने अडकू शकतो. मध चाटवायचा नाही, वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातनं बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. आणि गुटी. मला माहितीये सहाणेवर वेखंड, जायफळ, सुंठ, मुरडशेंग उगाळणारे हात प्रेमाचेच असतात. पण त्यात नक्की काय किती गेलं हे कुणालाच सांगता येत नाही, जायफळ जास्त झालं तर बाळ गुंगतं आणि आपण म्हणतो लागू पडलं. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्यांना अफूची बाळगोळी देऊन निजवायच्या, त्यांना दुसरा इलाजच नव्हता बिचाऱ्यांना. तुला आहे. हिंगाचा लेप बेंबीभोवती पातळसा लावला तर लावू दे आजीला, कातडी लाल झाली नाही म्हणजे झालं, दृष्ट काढायची तर काढू दे, पण ओव्याची धुरी बंद खोलीत नको, तो धूर त्याच्या फुप्फुसात जातो. नाकाकानात तेल पण नको.

मग करायचं काय? तर संध्याकाळी सहाच्या आत घरातली गर्दी आणि गोंगाट कमी करा. शेजारच्या काकू, मोबाईलवरचे व्हिडिओ कॉल, ट्यूबलाइट, टीव्ही, दर दोन मिनिटाला नवीन हात आणि नवीन उपाय, याने बाळ अजून पेटतं. एक उपाय घ्या आणि दहा मिनिटं तोच करा. खोलीत दिवा मंद, पंख्याची घरघर चालू, आणि बाळ हातावर पालथं. हे बाबांना शिकव, त्यांचे हात तुझ्यापेक्षा लांब आहेत. बाळाचा गाल त्यांच्या कोपराच्या आतल्या खळग्यात, तोंड बाहेरच्या बाजूला म्हणजे नाक मोकळं, पोट हाताच्या आतल्या बाजूवर टेकलेलं, त्यांचा पंजा बाळाच्या मांडीला घट्ट धरून, एक पाय अल्याड एक पल्याड, आणि दुसरा हात पाठीवर सपाट. मग सावकाश येरझाऱ्या, आणि कानाशी लांबलचक "शूऽऽऽ", तेही बाळाच्या रडण्याइतक्या जोरात, हळू केलं तर त्याला ऐकूच जात नाही. खूप बाळं यात पाच-सात मिनिटात सैल पडतात. काही नाही पडत. नाही पडलं तरी त्याला कुणीतरी घेतलंय हे त्याला कळतं, तेवढं पुरे. झोप लागली की मात्र पाठीवरच झोपवायचं, कडक गादीवर, उशी-दुलई काही नको. आणि दमलेल्या अवस्थेत त्याला छातीवर घेऊन सोफ्यावर टेकू नकोस, डोळा लागला की बाळ खाली सरकून घुसमटतं.

आणि रोज आठ ते नऊ बाळ बाबांकडे, हे आजपासून ठरवून टाक. टीव्ही नंतर बघता येतो. त्या तासात तू पाजून झाल्यावर दुसऱ्या खोलीत आडवी हो, झोप नाही आली तरी चालेल, कानात कापूस घाल. स्वैपाक आईने एक भाजी कमी करून केला तर कुणी उपाशी राहणार नाही. नवऱ्याला सांग, शनिवारी आल्यावर पाहुण्यासारखं बाळाला मांडीवर घेऊन फोटो काढायचे नाहीत, शनिवार-रविवारची संध्याकाळ पूर्ण त्याची. आणि एखादी सुट्टी मागून मधल्या वाराला पण यायला सांग, साताऱ्याहून पुणे काही लांब नाही.

डॉक्टरांकडे मात्र या आठवड्यात एकदा जाऊनच ये, अंगावरचे सगळे कपडे काढून बाळ तपासायला सांग. कधी पायाच्या बोटाला आईचा केस गुंडाळला जाऊन करकचतो आणि मोज्यात कुणाला दिसत नाही, कधी जांघेत हर्नियाची गाठ असते, कधी कान दुखत असतो. आणि वाट न बघता लगेच पळायचं ते कधी, तर ताप १०० पॉइंट ४ फॅरनहाइट किंवा वर, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, पोट टणक फुगलेलं, टाळू वर आलेली, दूध ओढायचं सोडलं, लघवी कमी झाली, गळून पडलंय, किंवा नेहमीपेक्षा वेगळंच कर्कश किंचाळतंय. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

तुझ्याबद्दल पण एक विचारायचंय. बाळ झोपलं असतानाही तुला झोप येत नाही का, दिवसातला बराच वेळ रडू येतं का, आपण नसलो तर बरं असं मनात येतं का? दोन आठवड्यांच्या वर असं चाललं असेल तर ते बाळंतपणानंतरचं डिप्रेशन असू शकतं, त्यावर उपचार आहेत, पाजत असतानाही चालणारी औषधं आहेत. तुझ्या गायनॅकना स्पष्ट सांग. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. स्वतःला किंवा बाळाला इजा करायचा विचार आला तर मात्र दोन आठवडे बिठवडे मोजायचे नाहीत, त्याच क्षणी आईला हाक मार आणि मग फोन कर.

हे पत्र हवं तर आजीला मोठ्याने वाचून दाखव, रागावल्या तर माझ्यावर रागावू दे. डॉक्टरांकडे जाऊन आलीस की वजन किती भरलं ते कळव.