वाचकांचे प्रश्न : गाडी दारात, मग उशीर कशाला?

प्रश्न : वडिलांच्या (वय ७१) छातीत दुखू लागलं म्हणून रुग्णवाहिका बोलावली. ईएमटी (रुग्णवाहिकेतले प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी) आले आणि दहा मिनिटं घरातच तपासत बसले. वडील चालू शकत असूनही त्यांना जिना उतरू दिला नाही. वेळ वाया गेला ना?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : नाही, उपचार घरातच सुरू झाले होते. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, साखर पाहून ईएमटी शक्य असेल तर बारा लीडचा ईसीजी (हृदयाचा बारा बाजूंनी काढलेला विद्युत आलेख) काढतो. त्यात हृदयविकाराच्या झटक्याची खूण दिसली, तर चोवीस तास अँजिओप्लास्टी होणारं रुग्णालयच गाठायचं. जवळच्या नर्सिंग होममध्ये नेऊन तिथून पुन्हा हलवण्यात याहून कितीतरी जास्त वेळ जातो. ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला देतात. नुसती गिळली तर उशिरा लागू पडते. मास्क लावला नाही म्हणून नातेवाईक चिडतात, पण हृदयविकारात ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली गेला तरच तो द्यायचा असतो.

जिन्याचं म्हणाल, तर चढउतारीने हृदयावर ताण येतो आणि सुरुवातीच्या तासातच ठोके बिघडून ते बंद पडण्याची भीती सर्वाधिक. जिन्याच्या वळणावर तसं झालं, तर सीपीआर (छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवणं) द्यायला सपाट जमीन कुठून आणणार? म्हणून बिनलिफ्टच्या इमारतीत खुर्चीला पट्ट्यांनी बांधून उतरवतात. चार माणसांच्या लिफ्टमध्येही सहा फुटी स्ट्रेचर आडवं मावत नाही. फोनवरच मजला आणि लिफ्ट केवढी ते सांगा, गेटवर माणूस उभा करा, चालू गोळ्यांची पाकिटं हाताशी ठेवा.

आणि शेजाऱ्यांची सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या रुंदावणारी गोळी) जिभेखाली सारू नका. वरचा रक्तदाब आधीच ९०च्या खाली असेल, तर तो आणखी कोसळतो.

प्रश्न : सायन-पनवेल महामार्गावर जखमी तरुणाला मात्र पाचेक मिनिटांत उचललं, सलाईनसुद्धा लावलं नाही!
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : योग्यच केलं. पोटातला रक्तस्राव रस्त्यावर थांबवता येत नाही, त्याला शस्त्रक्रियागृहच लागतं. जागेवर करायचं ते एवढंच: जखमेवर दाब, हातापायातून रक्त थांबतच नसेल तर टूर्निके म्हणजे आवळपट्टी (बांधल्याची वेळ लिहून), श्वासमार्ग मोकळा, मानेला आधार. सुई चालत्या गाडीत टोचता येते. शिवाय सलाईन भरमसाट दिलं, तर रक्त पातळ होतं आणि धरलेली गुठळी सुटते. बघ्यांनी हेल्मेट मात्र ओढू नये. ते काढायला दोघं लागतात, एक फक्त मान धरून ठेवायला.