गोल भांड्यावर नक्षीसाठी ‘घेराचे खण पाडणे’ म्हटलं तर?

प्रश्न असा आलाय: एक ताई मुलांना मातीकाम शिकवतात, वर्गासाठी मराठीत माहितीची पानं करतायत, आणि गोल भांड्याभोवती नक्षी सारख्या अंतरावर यावी म्हणून आधी ज्या खुणा करतात त्या कामाला मराठीत काय म्हणायचं इथे त्यांचं अडलंय. त्यांनी ‘समदूर नक्षीचे चिन्हांकन’ असं लिहून पाहिलंय पण ते मुलांच्या तोंडात बसत नाहीये. ‘डिव्हायडर’, ‘डेकोरेटिंग डिस्क’ यांना काय म्हणू आणि परिघ की परीघ, हेही विचारलंय.

ताई, आधी समदूर काढून टाका. शब्द छान आहे पण तो वेगळ्या कामाचा आहे. कोनदुभाजकावरचा कुठलाही बिंदू कोनाच्या दोन्ही भुजांपासून समदूर असतो असं आपण शाळेत शिकलो, म्हणजे समदूर म्हटलं की कशापासून तरी सारखंच लांब असणं आलं. आता मडक्याच्या काठावरचा प्रत्येक बिंदू मध्यापासून समदूर असतोच, तुम्ही खुणा कशाही विस्कटून केल्यात तरी त्या समदूरच राहणार! तुम्हाला म्हणायचंय ते असं की शेजारच्या दोन खुणांमधली जागा सगळीकडे एकसारखी असावी. त्याला बोलताना आपण सरळ ‘सारख्या अंतरावर’ म्हणतो आणि त्यात काही कमी नाहीये. ‘समभाग’ कुणी सुचवेल पण तो शब्द आता शेअर बाजाराचा झालाय, पालकांना कंपनीचे शेअर आठवतील. चिन्हांकन तर सरकारी कागदावरच बरं, मुलं खूण करतात, ठिपका देतात, रेघ ओढतात.

पण माझं खरं म्हणणं पुढे आहे, की गोल भांड्याच्या बाबतीत ‘अंतर’ हा शब्दच फसवा आहे. समजा माठाचं पोट १४ सेंटिमीटर व्यासाचं आहे आणि गळा ७ चा. २२/७ नं हिशोब केला तर पोटाचा घेर ४४ येतो आणि गळ्याचा २२. आठ नक्ष्या हव्यात, तर पोटावर दोन खुणांत साडेपाच सेंटिमीटर आणि गळ्यावर पावणेतीन. भांडं तेच, नक्ष्या तितक्याच, अंतर मात्र निम्मं. ‘सारख्या अंतरावर खुणा करा’ असं लिहिलंत तर एखादं चुणचुणीत मूल पट्टी घेऊन पोटावरही साडेपाच मोजणार आणि गळ्यावरही साडेपाचच, आणि मग गळ्यावर चारच खुणा बसतील, खालच्या आठांशी त्यांचा मेळ लागणार नाही. म्हणजे भांडं खालपासून वरपर्यंत बघितलं तर सारखं काय राहतं? अंतर नाही राहत. प्रत्येकाच्या वाट्याला येणारा घेराचा हिस्सा सारखा राहतो, एक अष्टमांश, भूमितीच्या भाषेत ४५ अंश. म्हणून शब्द निवडताना अंतराकडून भागाकडे यायला हवं.

आणि भागाकडे आलं की मराठी क्रियापद आपोआप हाताशी येतं, ते म्हणजे पाडणे. आपण भाग पाडतो, हिऱ्याला पैलू पाडतो, कागदाला भोकं पाडतो. एका सलग गोष्टीचे ठरवून तुकडे किंवा बाजू करायच्या असल्या की आपल्याकडे पाडणे येतंच. विभागणी करणे, विभाजित करणे वगैरे चुकीचं नाही पण ते वाचून हात हलत नाही.

आता पाडायचं काय? ‘भाग’ चालेलच, पण माझं मत खण या शब्दाला आहे. जुन्या घरात दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात, चार खणांचं घर, सहा खणांची ओसरी असं घराचं मापच खणांत सांगायचे. टेबलाचा खण आहेच, कपाटाचाही आहे. म्हणजे एका ओळीत असलेले, दोन्ही बाजूंनी हद्द आखलेले सारखे कप्पे हा अर्थ त्यात मुरलेला आहे, आणि तुमच्या मगवर दोन उभ्या रेघांमध्ये जी जागा तयार होते ती अगदी तीच. ‘मगच्या घेराचे आठ खण पाडा, प्रत्येक खणात एक पान काढा’ हे वाक्य सातवीतल्या मुलाला पुन्हा समजावून सांगावं लागणार नाही. ओटीतला खण त्याच्या आड येईल का? मला नाही वाटत, संदर्भ इतका वेगळा आहे की गोंधळ होत नाही.

मात्र खण सरळ उभ्या भांड्याला शोभतो, म्हणजे मग, पेला, दंडगोल कुंडी. गळा अरुंद आणि पोट सुटलेलं असेल तर गळ्यापासून पोटापर्यंत येणारा तुकडा वर निमुळता आणि खाली रुंद होतो, आणि याला शिंप्याकडे तयार शब्द आहे, कळी. सहा कळ्यांचा परकर, आठ कळ्यांचा घागरा, त्यातली प्रत्येक कळी कमरेशी अरुंद आणि घोळाशी रुंद कापतात, आणि सगळ्या कळ्या जोडून जो होतो त्याला शिंपीसुद्धा घेरच म्हणतो. माठाच्या खांद्यावरचा तुकडा हुबेहूब कळीच्या आकाराचा असतो. म्हणून माठ, घट, सुरई असेल तर ‘खांद्याच्या कळ्या पाडा’ म्हणायला माझी काही हरकत नाही, उलट मला ते जास्त आवडेल. दोन्ही शब्द शिकवा, मुलांना भांड्याचा आकार बघून कुठला लावायचा ते कळेल.

भांड्याच्या अवयवांची नावं तर आपल्याकडे माणसाचीच आहेत, तोंड, गळा, खांदा, पोट आणि खाली बूड. वर काठ. तुमच्या पानावर ‘शोल्डर’, ‘बेली’, ‘नेक’ असं असेल तर ते नक्की बदला. घेर हा शब्दही याच कुळातला आहे, झाडाच्या बुंध्याचा घेर, परकराचा घेर, हात लावून किंवा दोरा गुंडाळून मोजता येतो तो घेर. परीघ हा वहीतल्या वर्तुळाचा. मातीच्या भांड्याला मी घेरच म्हणेन.

हे काम आपल्याकडे कुंभाराव्यतिरिक्तही लोक करतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारी कलश मांडताना बऱ्याच घरी कलशाला बाहेरून हळदीकुंकवाची आठ बोटं ओढतात, काही घरी पाच ओढायची पद्धत आहे. आठ ओढायची सोपी रीत म्हणजे समोर एक, बरोबर मागे एक, मग डावी-उजवी, आणि मग चार मोकळ्या जागांच्या मधोमध एकेक. पट्टी नाही, हिशोब नाही, दर वेळी फक्त अर्ध करायचं, आणि अर्ध डोळ्याला बरोबर कळतं. म्हणूनच २, ४, ८, १६ हे आकडे गोल भांड्यावर कधी त्रास देत नाहीत. पाच बोटं ओढायची म्हटलं की समोरासमोर काहीच येत नाही, एका बोटाच्या बरोबर मागे मोकळी जागा येते आणि नजर चुकते. तुमच्या मुलांना पहिल्यांदा आठच द्या. (आणि ‘बोटं ओढणे’ हा प्रयोग पण पानावर घ्याच, रंगात बोट बुडवून खालून वर किंवा वरून खाली ओढलेल्या उभ्या रेघेला याहून नेमका शब्द मला सुचत नाही.)

पाच किंवा सात खण हवेच असतील तर कागदाची पट्टी घ्यायची. भांड्याभोवती गुंडाळून जिथे टोक मिळतं तिथे कापायची, ती पट्टी म्हणजेच घेर. आठ हवे असतील तर तीनदा दुमडली की झालं. पाचसाठी दुमडत बसू नका, फुलस्केप वहीचं ओळींचं पान घ्या. ८ सेंटिमीटर व्यासाच्या मगची पट्टी साधारण २५ सेंटिमीटर होते, तिचं एक टोक वरच्या एका ओळीवर ठेवा आणि पट्टी तिरपी करत करत दुसरं टोक तिथून बरोबर पंचविसाव्या ओळीवर टेकवा, मग दर पाचव्या ओळीला पट्टीवर खूण करा, पाच सारखे भाग मिळाले. सात हवे तर एकविसाव्या ओळीवर टेकवून दर तिसऱ्या ओळीला खूण. ओळी किती मिलिमीटरवर आहेत याच्याशी देणंघेणं नाही, त्या आपसात सारख्या असल्या की पुरे. दहावीच्या भूमितीत ‘तीन समांतर रेषा व त्यांच्या छेदिका’ असा गुणधर्म आहे तोच इथे कामाला येतो, आणि तो पाठ करताना याचा उपयोग कुठे होतो असं वाटलेल्या प्रत्येकाला हे दाखवावं असं मला फार मनापासून वाटतं.

आता डिव्हायडर. त्याला मराठीत कर्कटक हा शब्द आहे आणि तो कंपासपेटीमुळे शाळेतल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे, नवीन काही घडवायची गरज नाही. संस्कृतात कर्कटक म्हणजे खेकडा, कर्क राशीतला कर्कही तोच, दोन टोकदार पायांचा आकार खेकड्याच्या नांगीसारखा म्हणून हे नाव. पण त्याने घेरावर पावलं टाकताना एक घोळ होतो आणि तोही शब्दांनीच सुटतो. कर्कटक दोन खुणांमधली सरळ रेघ मोजतं, म्हणजे जीवा, आणि कागदाची पट्टी भांड्याला चिकटून वळत जाते म्हणून ती कंस मोजते. १४ व्यासाच्या पोटावर सहा खण पाडायचे तर कंस येतो ७.३३ सेंटिमीटर आणि जीवा येते बरोबर ७, म्हणजे त्रिज्येइतकी (कंपासने सहा पाकळ्यांचं फूल काढताना कंपास तेवढाच का ठेवायचा ते हेच). पट्टीवरून ७.३३ घेऊन तेच अंतर कर्कटकात धरलंत तर सहाव्या पावलाला तुम्ही सुरुवातीच्या खुणेच्या साधारण सव्वादोन सेंटिमीटर पुढे गेलेले असाल. नक्षीत एवढी चूक लांबूनसुद्धा दिसते.

कर्कटकानेच करायचं असेल तर अंदाजे धरून एक फेरी मारा, शेवटी जेवढं कमी किंवा जास्त पडलं त्याचा सहावा हिस्सा प्रत्येक पावलात वाढवा किंवा कमी करा आणि पुन्हा फेरी मारा. सहा मिलिमीटर कमी पडलं तर एक मिलिमीटर उघडा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीला जुळतं. सगळी तूट शेवटच्या खणाच्या माथी मारू नका, तो एकटा तोकडा दिसतो आणि बघणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते.

डेकोरेटिंग डिस्क म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत रेघा आखलेली चकती, भांडं तिच्या मध्यावर ठेवायचं आणि रेघ जिथे बुडाशी येते तिथून गुण्या उभा धरून वर न्यायची. या रेघांना आपल्याकडे बैलगाडीच्या चाकामुळे शब्द आहे, आरे. म्हणून ‘आऱ्यांची चकती’ म्हणा. आठ आऱ्यांची, बारा आऱ्यांची. डिस्क शब्द ठेवला तरी आभाळ कोसळणार नाही पण चकती आपल्या मुलांना माहीत आहे. कच्च्या भांड्यावर खुणा करायच्या तर ते इतकं सुकलेलं हवं की बोट रुतत नाही पण नख उमटतं, आणि एकदा भाजलेल्या भांड्यावर साधी पेन्सिल चालते, पुढच्या भट्टीत तिची रेघ जळून जाते.

आडव्या पट्ट्यांबद्दल मात्र हे काही लागत नाही हे पानावर वेगळं लिहा. चाक फिरतं ठेवून कुंचला एका जागी धरला की पट्टा आपोआप भांड्याला वेढा घालून परत येतो. चाक आडवी रेघ देतं, पण एकाशेजारी एक पुन्हा पुन्हा येणारी आकृती देत नाही, ती माणसानेच मोजून बसवावी लागते. आपल्याच मातीतलं उदाहरण द्यायचं तर संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावाचं द्या. १९५०-५१ मध्ये सांकळिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केलं, आणि तिथल्या भांड्यांवरून त्या प्रकाराला जोर्वे मृद्‌भांडी हेच नाव पडलं, पुढे घोड नदीकाठच्या इनामगावला आणि प्रवरेकाठच्या दायमाबादलाही ती सापडली. साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची, चाकावर घडवलेली, तांबडी, पातळ आणि खणखणीत भाजलेली भांडी, तोटीची भांडी तर फारच देखणी, आणि वर काळ्या रंगात भौमितिक नक्षी, सरळ रेघा, तिरप्या रेघा, आत जाळी भरलेले शंकरपाळे. मुलांना फोटो दाखवून विचारा की यातलं चाकाने काय काढलं असेल आणि हाताने मोजून काय. शंकरपाळे हा शब्दही तिथेच वापरा, समभुज चौकोन नको.

नक्षी आणि नकाशा हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूतून आपल्याकडे आलेत, त्यामुळे नक्षीचा आधी नकाशा काढायचा असं मुलांना सांगितलंत तर ते भाषेच्या अंगानेही चपखल बसतं. त्या कच्च्या कामाला ‘आखणी’ म्हणा. म्हणजे तुमच्या पानाचा मथळा ‘गोल भांड्यावरची आखणी’ आणि आत ‘कागदाच्या पट्टीने घेर घ्या, घेराचे आठ खण पाडा, खुणा वर न्या, मग नक्षी काढा’. एवढंच.

राहिलं परिघ की परीघ. संस्कृतात परिघ ऱ्हस्व आहे आणि तिथे त्याचा अर्थ दाराला लावायचा अडसर किंवा लोखंडी दंडा असा आहे, वर्तुळाच्या कडेला संस्कृतात परिधि म्हणतात आणि हिंदीने तोच ठेवलाय. मराठीने परिघ घेतला, त्याला वर्तुळाचा अर्थ दिला आणि गरीब, वकील यांच्यासारखा शेवटून दुसरा इकार दीर्घही केला. बालभारतीच्या पुस्तकांत परीघच छापतात, तुम्हीही दीर्घच लिहा. पण प्रत्यय लागला की गरीबचं गरिबाचा होतं तसं इथेही ऱ्हस्व होतं, म्हणजे ‘परीघ मोजा’ पण ‘परिघाचे आठ भाग’.